मिस्त्रीच्या वतीने

माझे दोन भाऊ गायला बसले की एकच माणूस गातोय असं वाटतं, आणि बोलायला बसले की दहा भांडतायत असं. आईवडिलांच्या तोंडची जुनी गाणी, देवाची आणि दुष्काळाची, आमच्या गाद्यांच्या दुकानामागच्या कोठीत रेकॉर्ड करायची असं ठरलं. तिथे कापसाच्या गाठी रचलेल्या. आवाज घुमत नाही म्हणून कोठी उत्तम, असं आमचे हे म्हणाले. ह्यांनी नवीन रेकॉर्डिंगचं यंत्र घेतलं होतं आणि ते लेकरासारखं मांडीवर घेऊन बसत.

नऊ गाणी झाली. पंख्याशिवाय, नाकातोंडात कापूस जात. दहावं बाबांचं, आणि त्यावर सगळं अडलं. थोरल्याने सांगून टाकलं होतं, बाबांचं गाणं नाही तर अल्बमच नाही.

कोरडी पडली विहीर देवा, कोरडा पडला घसा,
येतो येतो म्हणून गेलास, धीर धरू मी कसा.

धाकटा "देवा" म्हणेना. तेवढ्या जागी तोंड मिटून घ्यायचा. विहीर आटली त्या साली त्याने आपली म्हैस विकली होती. तिला पोहोचवून आला तेव्हापासून तो हा शब्द उच्चारत नाही.

"अरे, गाण्यात म्हणायचं फक्त," थोरला म्हणाला.

"बाबांच्या गाण्यात खोटं बोलू? हाक मारली, कुणी आलं नाही. आला तो पंपाचा मिस्त्री. भर उन्हात, सायकलवर, तळाचं उरलंसुरलं पाणी ओढून द्यायला."

"मग त्यालाच ओवाळ."

धाकट्याने ते मनावर घेतलं. पुढच्या खेपेला डोळे मिटून, गळा भरून तो गायला, "कोरडी पडली विहीर मिस्त्री..." आणि इतकं सुरेख गायला की ह्यांचा हात बंद करायच्या बटणाकडे जाईना.

थोरला लोडावरून उठला. "बाबांनी मिस्त्री म्हटलं नव्हतं."

"बाबांच्या वेळी पंप नव्हता."

"ताईला विचार."

मी उशीची शिवण घालत होते. म्हटलं, "मला मधे घेऊ नका. चालीत बसतंय खरं."

थोरला माझ्याकडे असा बघायला लागला की जणू म्हैस मीच विकली. चप्पल शोधत म्हणाला, "राहू दे तो अल्बम." धाकटाही चप्पल शोधायला लागला. दोघांच्या चपला सारख्याच, म्हणून त्यावरूनही जुंपली. तेवढ्यात यंत्राच्या प्लगातून धूर निघाला आणि हे असे ओरडले की दोघे आपापल्या हातातली चप्पल घेऊन थांबले.

आमच्याकडे पंप, पंखा, इस्त्री, काहीही बिघडलं तरी माणूस एकच, तोच मिस्त्री. ह्यांनी त्यालाच फोन लावला. तो म्हणाला, "येतो, येतो." तीन वेळा चहा झाला तेव्हा आला. प्लग उघडला, फुंकर मारली, वायर जोडली आणि स्विच लावण्याआधी क्षणभर डोळे मिटले. यंत्र सुरू झालं. नीट चालतंय का बघायला ह्यांनी शेवटचं गाणं लावलं.

मिस्त्रीने ते सगळं ऐकलं. मग पेचकस खिशात ठेवला.

"हे बाहेर जाणार?"

"जाणार," धाकटा अभिमानाने म्हणाला.

"मला काढा त्यातून. आधीच जेवताना दहा फोन येतात. देवाचं बरं आहे, त्याचा नंबर कुणाकडे नाही."

"पण मिस्त्री, तुम्ही आला होतात. दुसरं कोण आलं?"

"आलो, ते दोन दिवस उशिरा. आणि स्विच लावताना मी त्याचंच नाव घेतो. तुमच्या विहिरीवरही घेतलं होतं."

धाकटा जरा विचारात पडला. "मग पंप चालू झाला तो कुणामुळे?"

"मला काय ठाऊक. माझे डोळे मिटलेले असतात."

थोरला हसला. धाकटा हसला नाही. त्याने हातातली चप्पल खाली ठेवली. "ठीक आहे. मी 'देवा' म्हणतो. पण मिस्त्रीच्या वतीने. माझ्याकडून नाही."

"ऐकणाऱ्याला कसं कळणार ते?" ह्यांनी विचारलं.

"मला कळेल."

"बाबांनाही कळेल," थोरला म्हणाला आणि कापसाच्या गाठीवर सरकून त्याने त्याला जागा करून दिली.

ह्या वेळी दोघे असे गायले की मी शिवण थांबवली. धाकट्याने "देवा" म्हणताना मिस्त्रीकडे पाहिलं आणि मिस्त्रीने परवानगी दिल्यासारखी मान हलवली. मग शेवटची ओळ आली. "येतो येतो म्हणून गेलास, धीर धरू मी कसा." आणि मिस्त्रीच्या खिशात फोन थरथरला. तो दाराकडे वळला, तोंडावर हात धरून अगदी हळू म्हणाला, "येतो, येतो."

ते रेकॉर्डिंगमध्ये आलं. गाणं संपल्यावर, शांततेत, लांबून आल्यासारखं.

हे पुसायला निघाले. थोरल्यालाही पुसायचंच होतं. धाकट्याने ह्यांचा हात धरला.

"भाऊजी, राहू द्या ते. इतक्या वर्षांनी उत्तर आलंय."

अल्बममध्ये ते आहे. ऐकणारे विचारतात, हा तिसरा आवाज कुणाचा. थोरला एक सांगतो, धाकटा दुसरं. ज्याचा फोन होता त्याच्याकडे मिस्त्री दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. पण गेला.