आधी जबडा मोजा

दीनानाथांनी पिंपरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात काढली होती. साहेब कितीही नाचोत, नग स्वतः मोजल्याशिवाय त्यांनी कधी त्यावर ‘ओके’ लिहिलं नाही. असा माणूस निवृत्त झाला तरी मिलिमीटरचा दशांश मोजणारा व्हर्नियर काही सोडत नाही. जानेवारीत ते तीन महिन्यांसाठी मुलाकडे जर्मनीत बोब्लिंगेनला आले, तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी व्हर्नियरही आला.

नात मैथिली बारा वर्षांची. तिचा खालचा जबडा मागे राहिला होता आणि वरचे दात पुढे आले होते. शाळेच्या डब्यातला ब्रेड चावला की तो तुटायचा नाही, आतली काकडीची चकती मात्र अख्खी घसरून बाहेर यायची, आणि पोरं खिदळायची. तेव्हापासून ती बोटांनी तुकडे मोडून खाऊ लागली. हसतानाही तिचा उजवा हात आपोआप तोंडावर जायचा.

ख्रिसमस झाल्या झाल्या डॉक्टरांनी तिला स्पांगे दिली होती. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारा, काढता-घालता येणारा तारेचा आणि प्लॅस्टिकचा साचा तो. शाळेतून आल्यावर घालायची ती थेट दुसऱ्या दिवशी सकाळी काढायची. शाळेच्या वेळात ती घरी डबीत. दिवसाचे पंधरा तास झालेच पाहिजेत, आणि ते मोजायला आत इवलीशी चिप. वाढीचं हेच वर्ष हातात आहे, डॉक्टरांनी बजावलं होतं. ते फुकट गेलं तर अठराव्या वर्षी जबड्याचं ऑपरेशन.

पोरीने नेम पाळला. पहिले पंधरा दिवस जबडा ठणकायचा, डोळ्यांत पाणी यायचं, पण स्पांगे तोंडातून निघाली नाही. दर रविवारी आजोबा व्हर्नियर गरम पाण्याने स्वच्छ धुऊन, मागच्या बारीक पट्टीने वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजत आणि दिनदर्शिकेच्या चौकोनात आकडा लिहीत.

“नऊ पॉइंट दोन. मैथिलीबाई, रिजेक्ट!”

“नोखमाल, आजोबा!” म्हणजे ‘परत एकदा’, असं म्हणून ती पुन्हा आ करायची. मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

मार्चअखेरीस तपासणीची वेळ आली. सून विभावरीने अर्धी सुट्टी काढली आणि दीनानाथही दिनदर्शिका पिशवीत घालून निघाले. डॉक्टरांना आकडे दाखवायची त्यांना भारी हौस होती.

फ्राऊ डॉक्टर श्टाइनर यांनी आधी स्पांगेतली चिप कॉम्प्युटरला दाखवली. पडद्यावर आलेख उमटला आणि बाईंचा चेहरा ताठ झाला. त्या जर्मनमध्ये बरंच काही बोलल्या. मैथिली पांढरीफटक पडली.

“इश हाब निश्ट गेशुमेल्ट!” ती ओरडली.

“काय झालं?” दीनानाथांनी विचारलं.

“बाबा, चिपवर रोजचे बावीस तास दिसतायत,” विभावरी म्हणाली. “शाळेच्या वेळेतसुद्धा! चिप तोंडाच्या उष्णतेवरून तास मोजते म्हणे. खऱ्या तोंडातली रेघ वर-खाली होते, पाणी प्यायलं की उतरते. ही सकाळची रेघ मात्र एकदम सरळ. त्या म्हणतायत, हिने स्पांगे कुठेतरी उबेत ठेवून चिपला फसवलं. ही म्हणतेय, मी नाही फसवलं. पण मुलगी साथच देत नसेल तर ट्रीटमेंट बंद करावी लागेल, तसं क्रांकेनकासेला, म्हणजे विमावाल्यांना, कळवावं लागेल, म्हणतायत.”

उबेत. तो शब्द ऐकला आणि दीनानाथांना घरची दह्याची पातेली आठवली.

जर्मनीच्या थंडीत दही लागेना. खोली गरम ठेवणारं खिडकीखालचं हायत्सुंग रात्री मंद व्हायचं, म्हणून ते सकाळीच विरजण लावून पातेली टॉवेलात गुंडाळून हायत्सुंगवर ठेवत. पहिल्याच आठवड्यात त्यांचा हात मैथिलीच्या डबीला लागला होता. बर्फ! हे असलं गार पोरीने दमून आल्यावर तोंडात घालायचं? तेव्हापासून ती शाळेला गेली की डबी टॉवेलात, दह्याच्या पातेलीला चिकटून. ती यायच्या आत पुन्हा जागेवर. “बाबा, त्या डबीला हात लावू नका हं,” असं सुनेने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून हे प्रकरण त्यांनी गुपचूप चालवलं होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच! संन्याशी मुसमुसत होती आणि चोर शेजारच्या खुर्चीत दिनदर्शिका कवटाळून बसला होता. चौतीस वर्षांत आपल्या नावावर एक चूक लागू दिली नव्हती, त्याचा हा केवढा तोरा! तो गिळायला त्यांना दोन क्षण लागले. मग ते उठले.

“विभावरी, चूक माझी आहे,” त्यांनी दह्यासकट सगळं सांगून टाकलं.

“अहो बाबा!”

“नंतर रागाव. आधी यांना सांग.”

विभावरीने सांगितलं. “योगुर्ट?” बाईंच्या भुवया वर गेल्या. मग त्या मान हलवत मऊ आवाजात काहीतरी बोलल्या.

“म्हणतायत, कुठलेही आजोबा नातीसाठी असं बोलतीलच.”

आता मात्र दीनानाथांची सटकली. “मी खोटं बोलतोय? अगं, आधी नग मोजायचा, मग कागद बघायचा! इतका वेळ झाला, या बाईंनी पोरीचं तोंड तरी उघडून बघितलंय का? सांग त्यांना, आधी जबडा मोजा!” त्यांनी दिनदर्शिका टेबलावर पालथी घातली. “माझा आकडा यात आहे. त्यांचा येईपर्यंत मी दाखवणार नाही.”

विभावरीने ते जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनी हातमोजे चढवले. मैथिलीने डोळे पुसून आ केला. बाईंनी मोजलं, आरशातून पाहिलं आणि पुन्हा मोजलं.

“झेक्स कोमा फ्युन्फ.”

“साडेसहा,” विभावरी पुटपुटली.

दीनानाथांनी दिनदर्शिका उलटी केली आणि गेल्या रविवारच्या चौकोनावर बोट ठेवलं. साडेसहा! बाईंनी मागचे सगळे रविवार चाळले. नऊ पॉइंट दोन, आठ पॉइंट सात, आठ, सव्वासात. वाचता वाचता त्या हसायला लागल्या.

“गेनाऊ,” अगदी बरोबर, त्या म्हणाल्या. चिप फसली होती, जबडा नाही. दुपारी आणि रात्री पोरीने खरोखर स्पांगे घातल्याशिवाय तो तीन महिन्यांत एवढा पुढे येणं शक्यच नव्हतं. त्यांनी हातमोजा काढला आणि माफी मागत बारा वर्षांच्या मुलीपुढे हात केला. “एंटशुल्डिगुंग, मैथिली.”

मैथिलीचा उजवा हात डॉक्टरांच्या हातात अडकला होता. त्यामुळे ती हसली तेव्हा तोंड झाकायला हातच उरला नाही, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. दीनानाथांनी ते हसू पोटभर बघून घेतलं.

घरी जाताना विभावरीने त्यांना पुरतं फैलावर घेतलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी पुण्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर मैथिली. हातात ब्रेड, मध्ये लोणी आणि काकडी. एक शब्द न बोलता तिने समोरच्या दातांनी घास घेतला. कर्रकन आवाज आला. उरलेला ब्रेड तिने कॅमेऱ्यासमोर धरला. काकडीची चकती जागच्या जागी होती, अर्धी, कडेला स्वच्छ कापलेली.

“मोजा, आजोबा!” ती चक्क मराठीत म्हणाली.

दीनानाथांनी चष्मा पुसला आणि भिंतीवरची नवी दिनदर्शिका काढली. त्या रविवारच्या चौकोनात त्यांनी आकडा लिहिला नाही. ठसठशीत अक्षरांत ‘ओके’ लिहिलं, आणि खाली सही केली.