कोपराखाली चार बोटं

पूनमने नव्या ओट्यावर पहिलं कालवण फोडणीला टाकलं आणि खोबऱ्याचं वाटण परतता परतता तिच्या कमरेने तिला कळवलं की इथे काहीतरी चुकलं आहे. ती एक पाऊल मागे सरली, पुन्हा पुढे झाली, पाय फाकवून उभी राहिली. कसंही उभं राहिलं तरी मान खाली आणि पाठ वाकलेली. वाटण खाली लागायला लागलं तेव्हा ती भानावर आली.

"कसा काय झालाय ओटा?" पडवीतून सासऱ्यांनी विचारलं.

"बेस झालाय, मामा," ती म्हणाली आणि वाटणात पाणी ओतलं.

बेस झाला नाही म्हणून सांगते कुणाला? ह्या स्वयंपाकघरासाठी तिने जे काय गोळा केलं होतं, तेवढं चिमणीही घरट्यासाठी करत नाही. काशीदला ज्या कॉटेजवर ती खोल्या आवरायला आणि पाहुण्यांचा नाश्ता करायला जाई, तिथल्या मालकाने न्हाणीघरं नवी केली, तेव्हा उखडलेल्या लाद्या तिने तोंड उघडून मागून घेतल्या. निळ्या, हिरव्या, फुलांच्या, बिनफुलांच्या. एका रंगाच्या चार सलग सापडतील तर शपथ. ओट्याचा कडप्पा एका मोडलेल्या खाणावळीतला, सिंक भंगारातलं. भिंतींचा रंग शेजारच्या कोकिळाकाकूंकडे उरलेला, त्यामुळे दोन्ही घरं आतून सारखीच पिवळी झाली होती. नवरा गणराज उरणला कंटेनरचा ट्रेलर चालवत असे आणि रविवारीच घरी येई. बाकीचे दिवस तो फोनवर उंटावरून शेळ्या हाकत होता.

हे सगळं सामान वर्षभर गोठ्यात पडून राहिलं, कारण सासूबाई, मनुबाई, ज्यांना ती आत्या म्हणे, वारल्या आणि वर्ष सरल्याशिवाय घराला हात लावायचा नाही असं ठरलं. वर्षश्राद्ध उरकलं आणि लगेच भागोजी गवंडी आला. भुईवरची चूल निघाली. घरात गॅस आला तेव्हा त्याची शेगडीसुद्धा भुईवरच, चुलीला खेटून बसली होती, तीही उठली. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते खरंच, पण पूनमला त्यातली आपल्या घरची एक कमी झालेली हवी होती. उंची जास्त म्हणून लग्नाआधी तिची दोन स्थळं हुकली होती. लग्नानंतर त्याच उंचीची घडी घालून ती इतकी वर्षं चुलीपुढे बसली. कॉटेजवर मात्र ती ताठ उभी राहून पोहे करी, आणि तेवढा वेळ तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटे. तसंच आपल्या घरात उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं. ह्या घरात तिने दुसरं काही कधी मागितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावरची फळी तिच्या कपाळाला लागली. ही फळी मामांनी स्वतः ठोकली होती. नळही इतका खाली बसवलेला की टोप त्याखाली जाईना. उलथनी अडकवायची खुंटी तिच्या छातीशी आली. हात सवयीने जिथे जाई, तिथे काहीच नसे. जे होतं ते सगळं वीतभर खाली होतं. चार दिवसांत कपाळाला दोन टेंगळं आली आणि तिच्या मनात एक नको तो विचार येऊन बसला. आपण स्वयंपाक करतो तेव्हा आपल्या आणि ओट्याच्या मधे कुणीतरी उभं असतं, आणि आपण त्या माणसाच्या डोक्यावरून हात घालून भांडी घेतो. विचार खुळा होता, हे तिला समजत होतं. पण कामावरून आल्यावर त्या नव्या रंगाच्या वासात कधीकधी मशेरीचा वास यायचा, आणि घरात मशेरी लावणारी एकच बाई होती.

कोकिळाकाकू ओटा बघायला आल्या. चहा प्यायल्या आणि नको नको म्हणताना उठून कप विसळायला सिंकपाशी गेल्या. पूनम बघत राहिली. काकू ताठ उभ्या होत्या. त्यांना वाकावं लागलं नाही, हात वर करावा लागला नाही. कप विसळून त्यांनी तो फळीवर ठेवला, तरी फळी त्यांच्या डोक्याला लागली नाही.

"बाय, काय झ्याक झालाय गो. जसा काय माझं माप घेऊनच बांधलाय," त्या हसून म्हणाल्या आणि हसता हसता थांबल्या. ओल्या हातांनी त्यांनी कडप्प्याची कड धरली. "मी आन् मनुवयनी एकाच मापाच्या. एकमेकींची पोलकी घालायचो आमी."

मग त्यांनी घाईने पदराला हात पुसले आणि घरी काम आहे म्हणून निघून गेल्या.

भागोजी गवंडी गावातच, एका पडवीचं काम करत होता. पूनम कामावर जाताना तिथे थांबली.

"काका, ओट्याची उंची कुणी दिली?"

भागोजीने थापी खाली ठेवली. "आमचा हिशेब ठरलेला हाय, पोरी. जी बाई रांधनार, तिला भिंतीशी उभी करायची, कोपराखाली चार बोटं सोडायची, तिथं कडप्पा. म्या तुज्या सासऱ्याला, सीतारामदाला बोललो, सुनंला बोलव. तू कामाला गेलेली. त्यो म्हनला, बोलवायचं कशाला, बाईची उंची मला ठावं हाय. आन् भिंतीला हात लावून दाखवलंन."

"तुम्हाला दिसलं न्हाय, मी केवढी हाय ते?"

"दिसलं की. पर सासरा सांगतोय म्हटल्यावर मी कोन बोलनार?" भागोजी म्हणाला. "मला वाटलं, तुमचं घरात काय ठरलं असंल."

त्या रात्री गणराजचा फोन आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो तिकडे चिडला. "रविवारी येतो तवा बोलतो बाबांना. तोडून टाकू तो ओटा."

"तुम्ही काय बोलू नका," पूनम म्हणाली. "कंबर माझी हाय. मीच बोलेन."

म्हणाली खरी, पण बोलायचं काय? सासऱ्यांशी ती आजवर 'जेवायला वाढू का' आणि 'पेज ठेवलीय' ह्यापलीकडे फारसं बोलली नव्हती. तेही मोजकंच बोलत. मनुबाई होत्या तोवर दोघांमधलं बोलणं त्यांच्यामार्फत चाले. त्या गेल्यापासून ती वाटच बंद झाली होती.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी कॉटेजवर पाहुणे नव्हते, म्हणून ती लवकर घरी आली. पुढचं दार उघडं होतं. पडवीत मामा नव्हते. चपला काढताना तिला स्वयंपाकघरातून नळाचा आवाज आला, आणि मग मामांचा.

"ह्यो असा फिरवायचा. हां. उलटा फिरवलास का बंद." नळ बंद झाला. "न्हाय, वाकू नको. वाकायचं कामच न्हाय आता."

मग ते थांबले. कुणी बोलत असताना आपण थांबतो, तेवढेच थांबले.

"हाय ना," ते म्हणाले. "फळीवं ठेवलाय बघ तुझा मशेरीचा डबा. हात पुरतोय का न्हाय?"

पूनमच्या अंगावर सरसरून काटा आला. आत कुणी दुसरं असेल, तर आपण बघायचं नाही, असं तिला वाटलं. एक चप्पल पायात आणि एक हातात अशी ती पायरीवर तशीच बसली. भीती वाटली हे खरं, पण भीतीमागोमाग राग आला, आणि तो कुणावर धरावा ते तिला कळेना. एका मेलेल्या बाईने तिचा ओटा घेतला होता, आणि ती बाई जिवंतपणी तिला कधी उणा शब्द बोलली नव्हती. उलट शेवटच्या महिन्यांत पूनम त्यांचे पाय चोळायची तेव्हा त्या म्हणायच्या, पुरे गो, तुझे हात दुखतील.

मामा बाहेर आले आणि तिला बघून दारातच उभे राहिले. तिने ऐकलं आहे, हे त्यांना तिच्या तोंडावरून समजलं.

"मामा," पूनम म्हणाली. "ओटा मला लय खाली पडतो. माझी कंबर जाते."

"ठावं हाय मला," मामा म्हणाले. "पयल्याच दिशी समजलं. तू कालवन करत व्हतीस, मी हितनं बगितलं. तू वाकलेली."

"मंग बोलला का न्हाय?"

मामा पडवीच्या खांबाला टेकून खाली बसले.

"मी मुद्दाम न्हाय केलं, पूनम. तुझ्या गळ्याशप्पत. भागोजीनं इचारलं, बाईची उंची सांग. मी हात लावला भिंतीला. घरातली बाई म्हटल्यावर मला दुसरी कोन सुचलीच न्हाय." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "कडप्पा बसला तवा ध्यानात आलं. तवाच बोलाया पायजे व्हतं. पर कडप्पा बसला आन् मला ती दिसाया लागली थितं. मंग जीभ उचलंना."

पूनमने हातातली चप्पल खाली ठेवली.

"लय वर्सं मागं लागलेली. एकदा उभ्यानं भाकरी भाजायची हाय म्हनायची. मी म्हनायचो, पुढल्या साली. आदी कौलं बदलू, मंग हिर खणू, मंग गणूचं लगीन. प्रत्येक साली काय ना काय आडवं आलं. गुडघे गेलं तिचं त्या चुलीम्होरं. बसली का उठवत नसे, भिताडाला धरून उठायची. मी बगायचो हितनं, आन् पुढल्या साली म्हनायचो."

अंगणात कुणाची तरी कोंबडी येऊन तांदळाचे कण टिपत होती. दोघंही तिच्याकडे बघत बसले. पूनमचा राग कुठे गेला ते तिला समजलं नाही, पण कमरेतली कळ होती तिथेच होती. मनुबाईंसाठी जीव तुटतो म्हणून जन्मभर वाकायचं, हे काही तिला पटेना. आणि हे उघड बोलून दाखवायची तिला लाजही वाटेना.

"भागोजीला बोलाव," शेवटी मामाच म्हणाले. "कडप्पा उचलून खालती ईट घालील. फळी मी काढतो."

भागोजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजमापाला आला. माप घरच्या माणसाने दाखवायचं, परक्या पुरुषाने बाईच्या अंगाला हात लावायचा नाही, ही त्याची जुनी रीत. पूनम भिंतीशी उभी राहिली. मामांनी भागोजीची पेन्सिल घेतली, तिच्या कोपराकडे नीट बघितलं, खाली चार बोटं धरली आणि पिवळ्या भिंतीवर रेघ ओढली. मग एक पाऊल मागे सरून त्यांनी रेघ किती वर आली ते बघितलं.

"एवढी उंच हाय तू," ते म्हणाले. "मला कवा दिसलंच न्हाय."

"सकाळच्याला येतो," भागोजी म्हणाला. "आज रांधून घे यावर. उद्या दिसभर काय व्हनार न्हाय."

तो गेला. दिवेलागणीची वेळ झाली. पूनमने तांदळाच्या पिठाची उकड काढली, परातीत घेऊन मऊ होईस्तोवर मळली आणि गोळा करून ठेवला. शेगडीवर तवा ठेवला. शेजारी पाण्याची वाटी, पिठी आणि लायटर ठेवला. परात तिने ओट्याच्या कडेशी, मधोमध सरकवली. मग हात धुतले, दिवा लावला आणि बाहेर पडवीत येऊन मामांच्या शेजारी बसली.

"झाल्या भाकरी?" मामांनी विचारलं.

"न्हाय."

"का गो? बरं वाटत न्हाय?"

"ओटा उद्या निघंल, मामा," पूनम म्हणाली. "म्हटलं, आजच्या दिस आत्यांना करू दे. सगळं तयार ठेवलंय."

मामांनी तिच्याकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. त्यांनी मान खाली घातली. रस्त्यावरून मुरूडची एसटी गेली. कोकिळाकाकूंच्या घरातून टीव्हीचा आवाज यायला लागला आणि कुणीतरी तो लहान केला. आतल्या दिव्याचा उजेड दारातून पडवीत पडला होता. त्या उजेडाकडे पूनमने एकदाही बघितलं नाही. मामा मात्र सारखे बघत होते. एकदा आत काहीतरी वाजल्यासारखं झालं तेव्हा दोघांनीही कान टवकारले. पण पुन्हा काही वाजलं नाही.

खूप वेळाने मामा खांबाला धरून उठले आणि आत गेले. त्यांची पावलं स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि तिथेच राहिली. पूनमने कान दिला. ते बोलतील असं तिला वाटलं होतं. ते बोलले नाहीत.

बाहेर येऊन ते आपल्या जागेवर बसले, तोंड अंगणाकडे करून.

"पीठ सुकाया लागलंय, पूनम," ते म्हणाले. "जा, तू कर."