भिंतीकडची जागा

मावशीनं दातांनी दोरा तोडला आणि पिशवीची चेन वरखाली करून पाहिली. चेन मध्येच अडली. तिनं तोंडातल्या तोंडात चेन बनवणाऱ्याचा उद्धार केला, मेणबत्तीचा तुकडा चेनीच्या दातांवरून घासला आणि पुन्हा ओढली. या खेपेला ती बिनतक्रार गेली.

"हं, बोल. थांबलीस का?"

"तू ऐकतेयस कुठं?" समोर उकिडवी बसलेली रेडिओ म्हणाली.

"हात कामात आहेत. कान रिकामेच आहेत."

रेडिओ हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण बंद पडलेल्या या सिनेमागृहाच्या छपराखाली ती राहायची तेव्हापासून, तोंडाला विसावा नसल्यामुळे, सगळे तिला याच नावानं ओळखत. आता त्या तोंडालाच काम मिळालं होतं. लस देणारी गाडी यायच्या आधी फिरायचं, रस्त्यावर राहणाऱ्यांशी बोलायचं, त्यांना टोचून घ्यायला राजी करायचं. जी स्वतः रस्त्यावर राहून गेली आहे तिचं लोक ऐकतील, असा तिला काम देणाऱ्या संस्थेचा होरा. लोक ऐकत, हसत, तब्येतीची चौकशीही करत आणि ऐन वेळी गाडीकडे पाठ फिरवत.

"मागच्या साथीत गुरुजी गेले," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांदेखत गेले. तोच खोकला पुन्हा आलाय. पुलाखालचे दोघं दवाखान्यात पडलेत. आणि तुझी छाती कशी वाजते ते मला इथवर ऐकू येतंय."

मावशीनं गुरुजींच्या जागेकडे पाहायचं टाळलं. जुन्या तिकीट-खिडकीखालची, भिंतीला लागून असलेली ती जागा कोरडी होती, वाऱ्यापासून आडोशाची. गुरुजी गेल्यापासून मावशी तिथं शिवणाची मशीन ठेवलेली आपली बाबागाडी लावून ठेवी, दुसऱ्या कुणी पथारी पसरू नये म्हणून. छपराखाली राहणाऱ्यांची एक रीत होती. भिंतीकडच्यानं निवांत झोपायचं, बाहेरच्या बाजूच्यानं एक डोळा उघडा ठेवायचा.

"सुईला भिते असं वाटतं होय तुला?" मावशीनं बोटं पुढं केली. बोटांच्या टोकांची पार चाळण झाली होती. "सगळा जन्म सुईवर काढलाय मी."

"मग भितेस कशाला?"

मावशीनं पिशवीची घडी घातली, मग मोडली, मग पुन्हा घातली.

"मागं एकदा घेतलं होतं टोचून. ताप भरला. उठताच येईना. शुद्धीवर आले तर कात्री नाही, दोऱ्यांचा डबा नाही, चादर नाही. मशीन तेवढी राहिली, जड होती म्हणून. ज्यांनी पाणी आणून दिलं ना, त्यांनीच नेलं सगळं." तिनं बाबागाडीतल्या हातमशीनवर हात ठेवला. "ही गेली की मी कोण? टोचून घेऊन जगायचं, आणि जगून काय, हात पसरायचे?"

यावर रेडिओपाशी पाठ केलेलं उत्तर होतं. ताप सगळ्यांनाच येत नाही, आला तरी लवकर उतरतो, गोळीही मिळते. सगळं खरं होतं. पण मावशीला तापाची भीती नव्हती, तापात डोळा लागण्याची होती. ती भीती रेडिओला कुणी शिकवायला नको होती.

"मी बसते," ती बोलून गेली.

"कुठं?"

"इथं. तुझ्या मशीनपाशी. ताप उतरेपर्यंत हलत नाही बघ."

मावशीनं आता कुठं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला खोली आहे आता."

"खोली काय पळून जातेय?"

पलीकडच्या खांबाला टेकून पहिलवान ऐकत होता. फुंकर मारली तर उडेल असा माणूस, त्याचं हे नाव कुणी ठेवलं देव जाणे. मांडीवर त्याचं लंगडं कुत्रं पसरलं होतं.

"वा! मावशीला पहारेकरी मिळाला," तो म्हणाला. "आणि मी आडवा पडलो तर माझ्या वाघ्याला कोण बघणार? कुत्री धरणारे उजाडायच्या आत येतात. मला नकोच ती सुई."

"तुला विचारलंय कुणी?"

"रोज तर विचारतेस!"

दुपारी गाडी आली. सिस्टरनं दंडात सुई खुपसली तेव्हा मावशीनं तोंड फिरवलं नाही. दुसऱ्याचा टाका कसा पडतो ते पाहावं तसं तिनं पाहिलं आणि "हात हलका आहे पोरीचा," असा शेरा दिला. मग बाबागाडी ढकलत ती आपल्या जागेवर निघून गेली. सिस्टरनं रेडिओला बाजूला घेतलं.

"रात्री तुम्ही थांबणार म्हणत होत्या त्या. खरंय?"

"शब्द दिलाय."

"असले शब्द देत नसतात हो आपण. किती जणांपाशी बसाल? आणि तुमच्या खोलीचं काय?"

खोलीचंच रेडिओच्या मनात घोळत होतं. बायकांच्या निवासातली खोली ती. एक खाट, एक खिडकी, एक खुंटी. पण दाराला आतून कडी होती. पहिल्या रात्री रेडिओनं ती कडी कितीदा लावली आणि काढली, वेड्यासारखी. कडी लावून पडायचं आणि बाहेर पावलं वाजली तरी डोळा उघडायचा नाही, हे सुख ती कुणाला समजावून सांगू शकली नसती. एरवी दिवसभर बोलणारी ती, खोलीबद्दल मात्र कधी बोलत नसे. दृष्ट लागेल असं तिला वाटे.

तिनं निवासातल्या वॉर्डनबाईंना फोन लावला आणि एक रात्र बाहेर राहायची परवानगी मागितली.

"दवाखान्यात कुणी भरती आहे का?" वॉर्डनबाईंनी विचारलं.

"नाही, पण..."

"कुणी गेलंय?"

"नाही."

"मग परवानगी कसली मागता? रस्त्यावर झोपायला सुट्टी देऊ मी? नऊला दार बंद होतं, आणि एक रात्र बाहेर काढली की जागा पुढच्या बाईला. नियम मी केलेला नाही."

वॉर्डनबाई काही वाईट नव्हत्या. एकच रात्र म्हणून गेलेल्या कितीतरी बायका परत आल्याच नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. फोन ठेवता ठेवता त्यांचा आवाज खाली आला. "नऊच्या आत या हो. मी दाराशी थांबते."

ताप येणारच नाही, अशी रेडिओनं स्वतःची समजूत घातली. सगळ्यांना थोडाच येतो! संध्याकाळपर्यंत मावशी टुणटुणीत होती. तिनं एका छत्रीची काडी बसवली, गिऱ्हाइकाशी भांडणही केलं. रस्त्यावरचे दिवे लागले आणि ती हात चोळायला लागली. मग दात वाजायला लागले. रेडिओनं तिला गोळी दिली, आपली शाल तिच्यावर घातली, वर तिचीच गोधडी टाकली. तरी बाई आतून हलत होती.

रेडिओ पहिलवानाकडे गेली. "एक रात्र बसशील मशीनपाशी? माझ्यासाठी?"

त्यानं कुत्र्याच्या कानामागं खाजवलं. "मला नको सांगूस. मी माणूस चांगला आहे. पण दारू पोटात गेली की कोण असतो, ते माझं मलाच ठाऊक नसतं."

असं तोंडावर सांगणारा माणूस खरा म्हणायचा, पण त्याच्यावर मशीन सोपवता येत नव्हती.

समोरचं औषधांचं दुकान नऊलाच बंद होई. ते बंद होण्याच्या बरंच आधी निघालं तरच निवासाचं दार गाठता येणार होतं. रेडिओ उठली. मावशी गाढ झोपली होती, तोंड उघडं, श्वास गरम. नुसतं निघून गेलं तर तिला सकाळपर्यंत कळणारही नाही. आणि कदाचित काहीच होणार नाही. रोज कुठं चोऱ्या होतात? रेडिओ फुटपाथच्या कडेपर्यंत गेली. तेवढ्यात दोन तरुण गप्पा मारत आले, छपरापाशी त्यांची चाल मंदावली. एकानं वाकून बाबागाडीवरचं फडकं बोटानं उचललं.

"काय हवंय?" रेडिओ कडाडली.

"काही नाही, काकू. बघत होतो."

"बघून झालं ना?"

ते गेले. ती परत येऊन बाबागाडीला पाठ लावून बसली. तिला भयंकर राग आला होता, त्या पोरांचा, मावशीचा, दिलेल्या शब्दाचा. मावशीनं अर्धवट डोळे उघडले.

"तुझं दार किती वाजता बंद होतं गं?"

"आहे वेळ अजून. झोप तू."

काही वेळानं समोरचं शटर खडखडत खाली आलं. वॉर्डनबाई आता दाराशी उभ्या असतील, रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकत असतील, हे तिला स्पष्ट दिसलं. मग ती बोलायला लागली. झोपलेल्या मावशीशी, मशीनशी, मेलेल्या गुरुजींशी, तोंडाला येईल ते. इथं कुणीतरी जागं आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळत राहावं म्हणून रेडिओ रात्रभर चालू राहिला.

उजाडताना मावशीला घाम सुटला. डोळे उघडल्याबरोबर तिचा हात आधी फडक्याखाली गेला. तिनं मशीनचं चाक थोडं फिरवून पाहिलं. मग तिला रेडिओ दिसली.

"गेलीच नाहीस?"

"बस चुकली."

"बसमध्ये कधीपासून बसायला लागलीस?" मावशी म्हणाली, पण पुढं तिनं काही विचारलं नाही.

निवासात वॉर्डनबाईंनी रेडिओच्या खोलीची किल्ली हातात घेतली, पण खणात टाकली नाही. "मी साडेनऊपर्यंत उभी होते," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. जिन्यापाशी एक बाई पोत्यात सामान बांधून बसली होती, कुणाकडेही न बघता. आज रात्री ती कडी लावेल, काढेल, पुन्हा लावेल. तिच्यावर चिडावं असं रेडिओला फार वाटलं, पण जमलं नाही. तिनं खुंटीवरचं लुगडं काढलं आणि पिशवी भरली. जिना उतरताना पिशवीचा बंद तुटला.

दुपारी ती पिशवी छातीशी धरून छपराखाली आली, तेव्हा मावशी खुडखुडीत झाली होती. मावशीनं तुटलेला बंद पाहिला आणि हात पुढं केला. "आण इकडं." रेडिओनं पिशवी दिली.

पहिलवान कुत्र्याला घेऊन जवळ सरकला. आज तो शुद्धीत होता आणि जरा लाजल्यासारखा दिसत होता.

"रात्रभर बसलीस ना तू? मी बघत होतो. मधे मधे झोपत होतो, पण बघत होतो." त्यानं घसा खाकरला. "मीही घेतो टोचून. पण वाघ्यापाशी तुला बसावं लागेल, उजाडेपर्यंत. जमेल? तुझी ती खोली..."

"कधीही सांग," रेडिओ म्हणाली. "आता रात्रीची मोकळीच असते मी."

"मग ठरलं!" पहिलवान खूश झाला. ही बातमी त्यानं कुत्र्यालाही दिली.

बंद शिवणाऱ्या मशीनचं चाक थांबलं होतं. मावशीनं पिशवीचं तोंड थोडं फाकवलं. आत लुगडं होतं, चादर होती, साबणाची डबी, कंगवा, आरसा. तिनं पिशवी मिटली. राहिलेले टाके घातले, दातांनी दोरा तोडला आणि बंद दोन्ही हातांनी ओढून पाहिला.

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. गुरुजींच्या जागेवरची बाबागाडी तिनं ओढून बाहेर काढली आणि आपल्या पथारीच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला लावली. मोकळ्या झालेल्या जागेवरची धूळ पदरानं झटकली.

"भिंतीकडे टाक तुझं अंथरूण," ती म्हणाली. "बाहेरच्या बाजूला मी आहे."