ओळखीचं गिऱ्हाईक

दुपारी त्या भल्यामोठ्या दुकानातली गर्दी जरा ओसरे. बाहेर पडायच्या दारापाशी करड्या गणवेशातला, पन्नाशी उलटलेला एक माणूस उभा असे. पुढे आलेली पावती घ्यायची, पिशवीत नजर टाकायची, पावतीला चिमट्याने भोक पाडायचं आणि ‘पुन्हा या’ म्हणायचं, एवढंच त्याचं काम. लोक एका हाताने पावती पुढे करत आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर बोलत राहत. दिवसभरात शेकडो हात त्याच्यासमोर येत. त्यातले कितीतरी त्याला ओळखू येत, पण त्या हातांच्या मालकांना तो ओळखू येत नसे. निदान ते तसं दाखवत तरी.

मागच्याच गल्लीत त्याने निम्मं आयुष्य दुकान चालवलं होतं. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. म्हणूनच कुणीतरी थट्टेने त्याला ‘शेठ’ म्हणालं आणि ते नाव अंगाला चिकटलं. शेठकडे सुईदोरा मिळे, साबण, चहापत्ती, पेनातली कांडी मिळे, आणि घराच्या किल्ल्या ठेवायला हक्काची जागा मिळे. कुणाचा खोकला बरा होत नाही, कुणाच्या मुलाची परीक्षा आहे, हे त्याला न विचारता कळायचं.

मग मोठं दुकान आलं. ‘एकावर एक फुकट’चे फलक लागले. ज्या भावात शेठला माल मिळे, त्याहून कमी भावात तिथे तो विकला जाई. सुरुवातीला लोक महिन्याचं सामान तिकडून आणत आणि बारीकसारीक शेठकडून. मग बारीकसारीकही तिकडूनच येऊ लागलं. शेठसमोरून जाताना लोक पिशवी पलीकडच्या हातात घेत. पुढे पुढे ते पलीकडच्या फुटपाथनेच जाऊ लागले. किल्ल्या ठेवायला मात्र न चुकता येत.

“अहो, एकदा विचारा तरी कुणाला, आपलं काय चुकलं म्हणून,” बायको म्हणे.

“काय विचारू? चार पैसे वाचतात तिकडे माणूस जाणारच. आपणही गेलो असतो.”

दिवसचे दिवस कुणाशी शब्द न बोलता जाऊ लागले, तेव्हा त्याने दुकानाचं शटर कायमचं ओढलं. या वयात दुसरं काम कोण देणार? ज्याने दुकान गिळलं, त्याच्याच दारावर तो उभा राहिला. पहिल्या दिवशी घरी आल्यावर बायकोने विचारलं, “कुणी ओळखीचं भेटलं का?”

“सगळेच भेटले,” बूट काढत तो म्हणाला. “बोललं कुणी नाही.”

आणि एका दुपारी त्या दारातून जाताना बाईंच्या पिशवीने चोरी पकडणाऱ्या यंत्राला किंकाळी फोडायला लावली.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. गल्लीतली अर्धीअधिक मोठी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. मुलगा दूरच्या शहरात. घरात त्या एकट्याच. हल्ली त्यांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती. पावतीवर सगळं होतं, फक्त हाताला लावायच्या क्रीमची एक डबी नव्हती.

त्या दुकानाचा एक रिवाज होता. असा माणूस सापडला की वस्तू त्याच्या हातात देऊन फोटो काढायचा आणि भिंतीवर चिकटवायचा. ‘यांच्यापासून सावध राहा’ या अक्षरांखाली असे बरेच चेहरे होते, आणि उभं राहायचा कंटाळा आला की गिऱ्हाइकं ते बघत बसत.

मॅनेजर धावत आला. गळ्यात टाय, कपाळावर घाम. “आजी, इकडे या. डबी हातात धरा. वर बघा.”

बाईंनी डबी धरली. पदर सारखा केला. “केस नीट आहेत ना रे माझे?” असं विचारून त्या छान हसल्या.

मागे रांग होती. त्यात बाईंच्याच वर्गात शिकलेली नर्स होती, चष्म्याच्या दुकानाचा मालक होता, बाईंच्या जिन्यातला शेजारी होता. रांगेतून कुणाचा तरी फोन वर आला. शेठ आपल्या जागी उभा होता. घरभाडं, बायकोची औषधं, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. मग तो पुढे झाला आणि बाईंच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये उभा राहिला.

“साहेब, फोटो नको. त्या चोर नाहीत. विसरतात.”

“काका, प्रत्येक जण हेच सांगतो.”

“माझ्या दुकानात असं कितीदा झालंय. मी म्हणायचो, ‘बाई, ही वस्तू माझ्याकडूनच हिशेबात धरायची राहिली.’ त्या पैसे द्यायच्या. विषय संपला.”

“हे तुमचं दुकान नाही.”

“ते दिसतंय मला.”

मॅनेजरने आवाज खाली आणला. “काका, वर कॅमेरा आहे. मी सोडलं तर उद्या माझीच चौकशी होईल. मलाही घर आहे. बाजूला व्हा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

शेठ रांगेकडे वळला. “अहो, सांगा की यांना. ओळखता ना बाईंना? तुम्ही तरी सांगा.”

नर्स आपली पावती वाचू लागली. चष्मेवाल्याने घड्याळ बघितलं. शेजारी तर आधीच पाठ करून उभा होता.

शेठने छातीवरचा बिल्ला काढला आणि चिमट्याशेजारी ठेवला. “फोटो पाहिजेच असेल तर माझा काढा. खाली लिहा, या माणसाने चोराला सोडलं.” डबीचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून दिले आणि बाईंचा हात धरला.

रस्त्यात बाईंनी विचारलं, “शेठ, आज दुकान लवकर बंद केलंत?”

“हो बाई. आज लवकर बंद केलं.”

पण गोष्ट तिथे संपली नाही. भिंतीवर फोटो लागला नाही, तरी रांगेतल्या त्या फोनने आपलं काम केलं होतं. डबी हातात धरून हसणाऱ्या बाई संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या घराघरांत पोचल्या. कुणी पाठवलं, कुणी कबूल केलं नाही. दोन दिवसांनी जिन्यात खेळणारं एक पोर त्यांना बघून ‘चोर, चोर’ करत पळालं. बाकी सगळं गाळून टाकणाऱ्या त्या डोक्याने हा एक शब्द मात्र घट्ट धरला. बाई बाहेर पडेनाशा झाल्या. शेठ आणि त्याची बायको रोज जात. आतून आवाज येई, “कोण?”

“मी, शेठ.”

“मला आज काही नको हो.” आणि दार बंदच राही.

तेव्हा शेठने ठरवलं. तो रांगेतल्या एकेकाच्या घरी गेला. शेजारी दाराची साखळी न काढताच बोलला. चष्मेवाला म्हणाला, रविवारी बघू. एका घरात आतला टीव्ही चालू होता, तो बेल वाजल्यावर बंद झाला; दार उघडलं नाही.

नर्सने उघडलं. तिला काही सांगावं लागलं नाही. ती नुसती म्हणाली, “मला वाटलं, कुणीतरी बोलेल.”

“मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं, ताई.”

तिने दार पूर्ण उघडलं. शेठ म्हणाला, “मला नोकरी परत नको. बाईंच्या दाराशी चला, आणि आपलं नाव सांगा. आपल्याला ओळखणारं माणूस अजून आहे, एवढं कळू दे त्यांना.”

तिने चपला घातल्या.

“कोण?” आतून आवाज आला. नर्स दाराला अगदी चिकटून उभी राहिली. मग तिने आपलं नाव सांगितलं, वर्ग सांगितला, खिडकीजवळचा बाक सांगितला. मग खुर्ची सरकली. कडी निघाली आणि दार वीतभर उघडलं.

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

“तू त्या रांगेत होतीस,” त्या म्हणाल्या.

“हो, बाई.”

बाई ‘आत ये’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी दारही लावलं नाही. नर्स तिथेच उंबऱ्याशी बसली आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही.

बाकीच्या दारांवर शेठ अजूनही जातो. स्वस्त घेणं हा काही गुन्हा नाही, असं तोही म्हणतो. पण त्या रांगेत आपण कितव्या जागी उभे होतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.