डागाळलेल्या तलावाची कैफियत

मी पोहण्याचा तलाव बोलतोय. जरा लांबूनच ऐका, आणि पाय धुतले नसतील तर कट्ट्यावर चढू नका. माणसांच्या पायांचं मला आता काही कौतुक राहिलेलं नाही.

जन्मलो तेव्हा मी देखणा होतो, हे सांगायला लाज कसली? चार इमारतींच्या मधोमध मला खणलं, गवंड्यांनी घोटून घोटून पांढराशुभ्र गिलावा केला. एका अंगाला पायऱ्या, दुसऱ्या अंगाला चकचकीत शिडी. तळाशी शर्टाचं बटण पडलं तरी वरून त्याची भोकं दिसायची.

मग माणसं आली. शी! कुणी अंगाला तेल चोपडून आलं, कुणी तोंडातलं च्युइंगम शिडीला चिकटवून गेलं. एक गृहस्थ डुबकी मारून वर यायचे, माझ्यातच चूळ भरायचे आणि वर म्हणायचे, "वा! काय निर्मळ पाणी आहे!" जखमेवरच्या पट्ट्या तर किती गिळल्या, विचारूच नका. तरी हे सगळं मी पोटात घातलं. जाळीवाला येऊन घाण उपसून न्यायचा, की मी पुन्हा मोकळा.

डागांचं तसं झालं नाही. ते अंगावरच बसले.

झालं असं, की मला रिकामा करून नव्या बोअरच्या पाण्याने भरलं. पाणी दिसायला काचेसारखं, पण त्यात लोखंड विरघळलेलं. मला चव लागत होती ना! त्यात नेहमीसारखं क्लोरीन पडलं आणि ते लोखंड गंजून बाहेर आलं. बघता बघता पाण्याचा कोरा चहा झाला. मग तो गंज भिंतींवर, पायऱ्यांवर, तळाशी जाऊन बसला, आणि माझ्या गोऱ्या अंगावर तपकिरी चट्टे उठले. स्वतःकडे बघायलाही मला नको व्हायचं.

सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, नाकाला रुमाल लावून आले. "शेवाळं आहे हे," त्यांनी लांबूनच निदान केलं. "आणि पोरं पाण्यातच उरकतात, त्याचं फळ. ओता आणखी क्लोरीन!"

अहो, शेवाळं बोटाला बुळबुळीत लागतं, हात लावून तर बघा! पण हात लावायचीच तर किळस. क्लोरीनचं पिंप रिकामं झालं, पाण्यात उरलंसुरलं लोखंड होतं तेही माझ्या अंगावर आलं. साहेब कट्ट्यावर उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "हां! आता कसा वास येतोय. वास आला म्हणजे स्वच्छ." लोकांचे डोळे चुरचुरत होते, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढे सभेत ठरलं, की डाग जात नसतील तर मला राडारोडा टाकून बुजवायचं आणि वर गाड्या लावायच्या.

या सगळ्या गोतावळ्यात मला किळस न आलेलं माणूस एकच. साहेबांची बायको, सगळ्यांच्या काकू. गुडघे पार गेलेले. जमिनीवर पाऊल टाकताना "आई गं" करणाऱ्या या काकू छातीभर पाण्यात आल्या की गुणगुणत चालायच्या. पोहायला शिकवणाऱ्या बाई त्यांना म्हणायच्या, "काकू, शिडी सोडा. मी आहे ना!"

"तू आहेस गं, पण पाण्याचा काय भरवसा?"

आणि एकदा सोडली की हो त्यांनी! पाठ टेकून माझ्यावर तरंगल्या आणि खुदुखुदु हसत सुटल्या. मला बुजवलं तर काकूंचं चालणंच बंद पडणार होतं.

काकूंना सर्दीचा त्रास वेगळाच. तोंडात सदा व्हिटॅमिन सीची आंबट गोळी. एकदा सटकन शिंक आली आणि गोळी उडून पाण्याखालच्या पायरीवर पडली. चोखलेली गोळी! मी अंग आक्रसून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या जागी छान पांढरा गोल.

साहेबांची नजर नेमकी तिथे गेली. "हा पांढरा डाग कुणी पाडला?"

ऐकलंत? अंगभर गंज माखला होता, तो यांना चालला. बोटभर जागा माझ्या मूळ रंगावर आली, तर तो डाग!

"अहो, तिथे माझी गोळी पडली होती," काकू म्हणाल्या. बाईंचे डोळे चमकले. त्यांनी काकूंकडून दुसरी गोळी घेतली आणि शेजारच्या चट्ट्यावर घासली. तोही गेला. "काकू, हा गंज आहे! शेवाळं नाहीच!"

बाईंनी तलावाची औषधं विकणाऱ्याला गाठून सगळं विचारून घेतलं. क्लोरीन थांबवलं, त्याच आंबट गोळीची पावडर माझ्यात सोडली. चट्टे सुटत गेले, मी उजळलो. खरं सांगतो, मला भरून आलं. बाईंनी साहेबांना बजावलं, "गंज भिंतीवरून सुटलाय, पण पाण्यातून अजून गेलेला नाही. फिल्टरमधून निघेपर्यंत कुणी उतरायचं नाही आणि क्लोरीनचा थेंबही टाकायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सभासद बघायला येणार होते. आदल्या संध्याकाळी साहेब आले, वाकले, हुंगलं. चेहरा पडला. "वासच येत नाहीये! लोक काय म्हणतील?"

"अहो, बाई नको म्हणाल्यात ना?" मागून काकू म्हणाल्या.

"तू गप्प बस. स्वच्छतेतलं मला शिकवू नकोस."

आणि अख्खं पिंप माझ्यात उपडं झालं. त्यांच्या डोळ्यांदेखत माझा पुन्हा चहा झाला. सकाळी सभासद रुमाल घेऊन आले. बाई घसा ताणून सांगत होत्या, "परत पावडर टाकू, परत जाईल!" साहेब म्हणाले, "बघितलंत? गोळ्याबिळ्यांनी काही होत नसतं." मला बुजवायच्या बाजूने भराभर हात वर झाले.

पाणी उपसलं, आता राडारोड्याने अर्धा भरलोय मी. फुटक्या फरश्या, दगड झालेलं सिमेंट आणि कुणाचा तरी जुना कमोड. कमोड! माझ्या पोटात! तुमच्या तलावाला कधी असे डाग पडले, तर एवढं करा, ओतण्याआधी हात लावून बघा. नाकावर विसंबू नका.

आज काकू आल्या होत्या. सवयीने पायऱ्या उतरल्या आणि त्या कोरड्या ढिगाऱ्यापाशी येऊन थांबल्या.

साहेब वरून म्हणाले, "बघ, एक तरी डाग दिसतोय का आता?"

"हात द्या हो," काकू म्हणाल्या. "मला वर येता येत नाहीये."