चौकटीतला ओके

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. तरीही स्वतःविषयी बोलायचं म्हटलं की मला संकोच वाटतो. माझं नाव ओके. मी इंग्रजीतून आलो. माझ्या जन्माच्या निरनिराळ्या कथा सांगतात. त्यांतली खरी कोणती, ते मलाही ठाऊक नाही. माझा अर्थ मात्र मी असा समजत आलो : पाहिलं, ठीक आहे.

रोह्यात मी लवकर रुळलो. शेजारच्या अष्टमी गावचा शिंपी माप जुळलं की मला उच्चारी. फोन ठेवताना लोक मला म्हणत, तेव्हा माझा अर्थ 'बरं, ठेवतो' एवढाच उरे. तब्येत ओके म्हणजे बरी. साहेबांनी ओके केलं म्हणजे परवानगी मिळाली. इतक्या कामांना आपण पुरतो, याचा मला अभिमान होता. तो चुकीचाच होता की काय, असं आता वाटतं.

जवळच्या धाटावला रसायनांच्या एका कंपनीत टाकी धुण्याआधी आतली हवा विषारी नाही ना, हे यंत्राने तपासायचं आणि मगच कागदावरच्या चौकटीत मला लिहायचं, असा नियम होता. सुपरवायझर निलेश वाईट माणूस नव्हता. पण सोमवारी चहा पिता पिता तो आठवड्याचे सगळे कागद भरून ठेवी.

त्या गुरुवारी सकाळी टाकीत जनू उतरणार होता. पेणकडच्या मिठागरवाल्यांचा मुलगा.

"साहेब, हवा बघितली ना?"

"हा बघ, ओके लिवलाय. का आता सासूला इचारून उतरतोस?"

"तिला इचारलं तर ती आधी मलाच धुवंल!"

सगळे हसले. जनू शिडीने खाली गेला. वर दोर धरून त्याचा सोबती काळुराम उभा होता.

"जन्या, बरा हायस ना रं?"

"ओके," आतून आवाज आला.

काळुरामने पुन्हा विचारलं, तेव्हा उत्तर आलं नाही. दोर ओढून जनूला वर काढलं, दवाखान्यात नेलं. पण त्याच्यात जीव राहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्याची आई, बायजाबाई, कंपनीच्या गेटवर आली. तिला अक्षरओळख नाही. काळुरामने त्या कागदाचा फोटो मोबाइलवर दाखवला.

"कुठं लिवलाय?"

त्याने माझ्यावर बोट ठेवलं.

"येवढाच?" ती म्हणाली.

मित्रांनो, मी दोनच अक्षरांचा. मला लिहायला वेळ लागत नाही, तपासायला लागतो. उद्या तुम्हीही कुठे ना कुठे असे कागद भराल. पाहिलं नसेल, तर माझी जागा कोरी सोडा. त्या गुरुवारी ती कोरी असती, तर जनू टाकीच्या तोंडाशीच थांबला असता.