माझी चार पानं

मी तंबाखूच्या जातीतलं एक रोप बोलतोय. नाक मुरडू नका. मला कुणी चघळायला वाढवलेलं नाही. मी काचघरात, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये रुजलो. माणसं इतके लाड करतात तेव्हा त्यांना काहीतरी हवं असतं, हा संशय मला पहिल्या पाण्यापासूनच होता.

तो खरा ठरला. पाच आठवड्यांचा झालो तसं इथल्या संशोधक मॅडमनी मला उलटं धरून जिवाणूंच्या पाण्यात बुडवलं. त्या जिवाणूंनी आत नेलेल्या जनुकामुळे तेव्हापासून कोंबड्यांच्या एका रोगाच्या विषाणूचा निरुपद्रवी तुकडा माझ्या पानांत तयार होऊ लागला. तो वेगळा काढून त्याची लस करायची होती.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी पानं मोजली. माझी चार कमी भरली. दाराला नवं कुलूप आलं. वॉचमनची पिशवी रोज उलटीपालटी होऊ लागली. एकत्र चहा पिणारी माणसं आपापला कप घेऊन कोपरे धरू लागली. मला चोर ठाऊक होता. पाणी घालणारे मामा. त्यांचा हात जवळ आला की मी आतल्या आत आकसायचो.

शेवटी मॅडमनी विचारलं, "मामा, पानं तुम्ही नेलीत?"

मामांनी झारी खाली ठेवली. "नेली. बहिणीच्या कोंबड्या पटापट मरतायत. तुम्हीच म्हणाला होतात, औषध पानात आहे."

"काय केलंत त्यांचं?"

"चिरून दोन कोंबड्यांना घातली. सकाळी दोन्ही मेल्या. रोगानंच ना?"

"पानात विषही असतं, मामा. ते काढून टाकण्यातच आमचे दिवस जातात. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मामा स्टुलावर बसले. "बहिणीनं विचारलं होतं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की."

त्याच दुपारी मॅडम जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन मामांच्या बहिणीकडे गेल्या. आजारी कोंबड्या वेगळ्या केल्या, अकरा वाचल्या. मामांनी सगळ्यांसमोर वॉचमनची माफी मागितली. बहीण मात्र अजून त्यांना खुराड्याजवळ येऊ देत नाही.

आज माझी कापणी आहे. कात्री मामांच्या हातात आहे आणि कापलेलं प्रत्येक पान ते मोठ्यानं मोजतायत. माझ्यातून लस निघेल, कदाचित चालेलही. पण मी हिरवा, निष्पाप दिसतो म्हणून भुलू नका. तपासा, पुन्हा तपासा. खात्री पटेपर्यंत माझ्यावर संशय घ्या. मला राग येणार नाही.